अण्णांची फियाट विकताना

आमची गाडी १९७८ ची प्रीमियर पद्मिनी. मराठवाड्यातल्या आमच्या सेलूत तिला पद्मिनी कुणी म्हटलं नाही, सगळ्यांची फियाटच. अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, ती नवी कोरी घेतली, हात थरथरायला लागेपर्यंत चालवली. ते गेल्यावर आडतीच्या मागच्या शेडमध्ये, सरकीच्या पोत्यांशेजारी, ती अकरा वर्षं उभी होती. विकायचं ठरल्यापासून ती फाटकातून बाहेर पडेपर्यंत चौदा महिने गेले. त्यातले सात-आठ तरी आमच्याच चुकांचे.

तुमच्याही वाड्यात, गोठ्याच्या कडेला किंवा दवाखान्यामागे एखादी फियाट, अँबॅसडर नाहीतर जीप ताडपत्रीखाली असेल आणि ती रंगरंगोटी न करता आहे तशी विकायची असेल, तर खालचा क्रम धरा. फी आणि नियम अधूनमधून बदलतात. पैसे भरण्याआधी परिवहन पोर्टलवर आकडा बघून घ्या.

१. आधी गाडीला हात लावू नका

आमची पहिली चूक इथेच झाली. धाकट्या भावाला वाटलं, गिऱ्हाईक येणार तर गाडी जरा बरी दिसावी. त्यानं वॉशिंग सेंटरवाल्याला घरी बोलावून प्रेशरनं गाडी धुतली. ड्रायव्हरच्या बाजूच्या दारावर खाली तळहाताएवढा गंज होता, तो घासून, पुट्टी भरून अख्ख्या दारावर रंग मारून घेतला. मूळ रंग दुधी. नवा रंग डब्यात दुधी होता, दारावर पांढरा दिसायला लागला.

महिन्याभरानं परभणीहून एक जुने मेकॅनिक चाचा आले. गाडीभोवती एक चक्कर मारली, दाराशी थांबले, नखानं टकटक केलं. मग म्हणाले, "भाऊ, ये कलर कायकू मारे? इसको हाथ नको लगाना था."

त्यांचं म्हणणं असं. तळहाताएवढा गंज गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर होता, त्याचा हिशोब त्याला करता आला असता. आता त्याला वाटणार, एवढ्यासाठी दार रंगवलं तर आत काय काय झाकलं असेल. पुढे खरंच एक जण खिशात लोहचुंबक घेऊन आला. जिथे पुट्टी जाड, तिथे चुंबक धरत नाही. तो त्या एका दारावर चुंबक फिरवत राहिला आणि बाकीच्या तीन चांगल्या दारांवरचा त्याचा विश्वासही उडाला.

मूळ रंग, मूळ कुशन, मूळ काचा हीच अशा गाडीची कमाई. रंग नवा मारता येतो, जुना परत आणता येत नाही. आपल्याकडच्या कोरड्या हवेचा इथे मोठा फायदा आहे. किनाऱ्यावरच्या गाडीचा तळ आणि दाराखालचा पत्रा खारट दमट हवेनं खाल्लेला असतो. मराठवाड्यातल्या शेडमधल्या गाडीचा पत्रा पुष्कळदा धड निघतो. उन्हानं डॅशबोर्ड तडकतो, काचेभोवतीचं रबर कडक होऊन चिरतं, पण ते जाणकार समजून घेतो. तळाचा पत्रा धड असेल तर ते आवर्जून सांगा आणि खालून काढलेला फोटो दाखवा.

मग करायचं काय? कोरड्या फडक्यानं धूळ, त्यानंतर ओल्या मऊ फडक्यानं पुसणं. आत उंदरांची घरटी असतील तर तोंडाला रुमाल बांधून काढा. आमच्या मागच्या सीटखाली सरकीच्या टरफलांचा पसाभर ढीग, अर्धी कुरतडलेली मोंढ्यातली काटापट्टी आणि अण्णांचा चष्म्याचा डबा निघाला. वायरिंगही दोन ठिकाणी कुरतडलेलं होतं. आणि गाडीतून निघालेली कुठलीही वस्तू फेकू नका: जॅक, पाने, स्टार्टिंगचं हँडल, व्हील कप, बिघडलेला रेडिओ, मालकाला मिळालेलं माहितीपुस्तक, मागच्या काचेवरचं विक्रेत्याचं स्टिकर. आम्ही बंद रेडिओ भंगारात घातला. ज्यानं गाडी घेतली त्याचा फोनवरचा दुसरा प्रश्न तोच होता: "काका, रेडिओ आहे का हो मूळचा?"

२. आपल्याकडे नक्की काय आहे ते ओळखा

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं फियाट ११०० चं हे घराणं १९६४ पासून बनवलं. आधी फियाट ११०० डिलाइट, सत्तरीच्या दशकात प्रेसिडेंट, आणि मग पद्मिनी. इंजिन १०८९ सीसीचं. त्याआधीच्या गोलसर अंगाच्या गाडीला लोक डुक्कर फियाट म्हणतात. तुमच्याकडे ती असेल तर गिऱ्हाईक वेगळं आणि भावही वेगळा. अँबॅसडर पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याची, १९५७-५८ ते २०१४. तिच्यात मार्क वन, टू, थ्री, फोर असे भेद आहेत आणि जुनी मार्क जास्त मागितली जाते. स्टीअरिंगच्या दांड्यावरचा गिअर असेल तर तेही लिहून ठेवा, नंतरच्या गाड्यांत तो खाली आला.

बॉनेटखालची कंपनीची प्लेट आणि इंजिनवर ठोकलेला नंबर यांचे फोटो घ्या आणि आरसी बुकाशी एकेक आकडा जुळवा. इंजिन मधे बदललेलं असेल आणि बुकात नोंद नसेल, तर ते आत्ताच कळलेलं बरं. पासिंगच्या, म्हणजे नोंदणी नूतनीकरणाच्या तपासणीच्या, दिवशी कळलं तर गाडी टोचन करून परत आणावी लागते.

३. कागद

इथे सगळ्यात जास्त वेळ जातो. गिऱ्हाईक शोधायच्या आधी हे काम हातात घ्या. गाडी चांगली आणि कागद नाहीत, असं झालं की भाव सुट्या भागांचा मिळतो.

लागणारे कागद:
– मूळ आरसी बुक (हरवलं असेल तर पोलिसांत तक्रार आणि फॉर्म २६)
– कर भरल्याच्या पावत्या, पर्यावरण कराचीही
– चालू विमा, निदान थर्ड पार्टी
– पीयूसी
– फॉर्म २९ आणि ३०, म्हणजे मालकी बदलाचे फॉर्म (एजंट यालाच टीटीओचा सेट म्हणतात)
– गाडी दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर फॉर्म २८, म्हणजे ना हरकत प्रमाणपत्र
– कर्जाचा बोजा बुकात असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र
– चेसिसचा पेन्सिल प्रिंट (नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीनं घासून घेतलेला ठसा)
– विकणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं आधार, पॅन, फोटो
– मालक वारला असेल तर मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा, बाकीच्या वारसांची संमती आणि फॉर्म ३१

आता आमच्या तीन अडचणी सांगतो, तुमच्याही बहुधा याच असतील.

पहिली, गाडी ऑनलाइन दिसतच नव्हती. जुन्या तीन अक्षरी नंबराच्या पुष्कळ गाड्या परिवहन खात्याच्या 'वाहन' नावाच्या ऑनलाइन प्रणालीत चढलेल्या नाहीत. आरसी बुक दाखवून आधी बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद संगणकावर चढवून, घ्यावी लागते, आणि त्यासाठी आरटीओ कार्यालयाला स्वतःचं जुनं रजिस्टर सापडावं लागतं. ते नक्की कुठे शोधायचं हाही प्रश्न असतो. जालना जिल्हा १९८१ चा, लातूर १९८२ चा, हिंगोली १९९९ चा. त्याआधी हे भाग मुख्यतः अनुक्रमे औरंगाबाद, उस्मानाबाद आणि परभणी जिल्ह्यांत होते. म्हणून आज तुम्ही एमएच २४ वाले असलात, तरी १९७८ च्या गाडीची नोंद लातूरच्या कपाटात असेलच असं धरून चालू नका. बुकावरचा शिक्का वाचा आणि त्या कार्यालयापासून चौकशी सुरू करा. आम्ही दोन महिने चुकीच्या खिडकीसमोर उभे होतो. "साहेब आले नाहीत" हे ऐकायची सवय झाली होती, पण तिथे साहेब असते तरी रजिस्टर नव्हतंच.

दुसरी, पासिंग. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून नूतनीकरण. आमचं शेवटचं पासिंग २००८ चं, ते २०१३ ला संपलेलं. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीची नूतनीकरण फी ६०० वरून ५,००० झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारीला १०,००० केली. उशिराचा आकार महिन्याला ५०० आहे, पर्यावरण कर वेगळा. ही सगळी बेरीज कार्यालयातून काढून घ्या आणि मगच ठरवा: पासिंग तुम्ही करून विकणार, की भाव कमी करून ते गिऱ्हाइकाच्या गळ्यात घालणार. आम्ही केलं, कारण तिसरी अडचण त्याशिवाय सुटेना.

तिसरी, अण्णांचं नाव. मालक वारल्यावर तीस दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करून घ्यायची, असा नियम. आम्हाला अकरा वर्षं झालेली. आई, आम्ही दोघं भाऊ आणि नांदेडला दिलेली ताई, एवढे वारस. ताईची सही घ्यायला गेलो तर दाजी म्हणाले, "फियाट विकता? मला आधी विचारलं का?" एक दिवाळी त्यात गेली. तेव्हा सह्यांचं काम आधी उरका, आणि लेकींना व्यवहार ठरल्यावर नाही, ठरवण्याआधी विचारा. वारसाच्या नावावर न करता थेट वडिलांच्या जुन्या सहीच्या कोऱ्या फॉर्मवर गाडी विकून देतो म्हणणारा एजंट भेटेल. त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. मेलेल्या माणसाची आजच्या तारखेची सही म्हणजे सरळ फौजदारी.

हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही लागते. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांना ती बंधनकारक केली आहे आणि तिच्याविना हस्तांतरणाचं काम अडतं. जुनी हातानं रंगवलेली प्लेट मात्र जपून डिकीत ठेवा. ती गाडीबरोबरच जायला हवी.

४. 'विंटेज' म्हणायची घाई नको

केंद्रानं जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांची वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण, खासगी वापराची, आणि चेसिस, बॉडी, इंजिनमध्ये मोठा फेरफार नसलेली गाडी त्यात बसते. नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. अशी गाडी मग रोजच्या कामाला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची.

आमची गाडी पन्नाशीला २०२८ मध्ये पोचणार, त्यामुळे हा विषय आमच्यापुरता मिटला. तुमची १९७० च्या आसपासची असेल तरी स्वतः व्हिंटेज नोंदणी करून विकू नका असं माझं मत. घेणाऱ्याला ती रविवारी बायकोमुलांना घेऊन चालवायची असेल तर तुम्ही त्याचे हात बांधून ठेवाल. निवड त्याला करू द्या.

५. इंजिन सुरू करायचा मोह

शेजारचे चार जण गोळा होतात, कुणीतरी ट्रॅक्टरची बॅटरी आणतो, आणि "मार सेल्फ" सुरू होतं. असं करू नका. बरीच वर्षं उभ्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला धरलेल्या असतात. जोर लावला की काहीतरी तुटतं.

चाचांनी केलं ते असं. चारही प्लग काढले. प्रत्येक भोकात दोन-दोन चमचे इंजिन ऑइल सोडलं. दोन दिवस तसंच ठेवलं. मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडल घालून हातानं हळू फिरवलं. पहिल्यांदा जराही हललं नाही, तिसऱ्या दिवशी 'चुळुक' असा आवाज करून फिरलं. टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं, ते चहाच्या रंगाचं झालं होतं आणि वास वॉर्निशचा. इंजिन ऑइल बदललं, पेट्रोलचे पाइप नवे घातले, कार्ब्युरेटर धुतला. जुनी रबरं आजच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलनं लवकर खराब होतात, म्हणून पाइप बदलताना काटकसर करू नका. नवं पेट्रोल बाहेर टांगलेल्या बाटलीतून दिलं, टाकीतून नाही. चौथ्या झटक्याला इंजिन लागलं. आई ओसरीवरून उठून आली.

ब्रेक वेगळे तपासा. चारही चाकांचे व्हील सिलिंडर जाम असतात, पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. आम्ही रबर किट बदलले, टायर बदलले, बस. पासिंगला तेवढं लागलं. काढलेला प्रत्येक जुना भाग गोणीत भरून त्यावर चिठ्ठी बांधली आणि गाडीबरोबर दिला. पहिल्या मुद्द्यात हात लावू नका म्हटलं ते रंगाला, पत्र्याला आणि कुशनला. चालण्या-थांबण्याचं काम केलेलं चालतं, फक्त पावत्या ठेवा.

पैसे कमी असतील तर इंजिन फक्त फिरतं आहे एवढं दाखवून विका. "चालू आहे" आणि "फिरतं आहे" यांत फरक आहे, तो सांगताना गोंधळ करू नका.

६. फोटो आणि वर्णन

सकाळी सातच्या उन्हात, गाडी शेडबाहेर ढकलून. चारही कोपरे, तळ, डिकीचा तळ, बॉनेटखाली, डॅशबोर्ड, किलोमीटरचा आकडा, प्लेट. गंजाचा प्रत्येक डाग जवळून, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून. आम्ही रंगवलेल्या दाराचाही फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "हे दार आम्ही चुकून रंगवलं." फोनवर निम्म्या लोकांनी याच वाक्याबद्दल विचारलं आणि त्यातलाच एक पुढे गिऱ्हाईक झाला. आरसी बुकाचा फोटो टाकताना नाव-पत्ता झाका.

७. भाव

भंगारवाला अठरा हजार म्हणाला. वजनाचा भाव तो. मोठ्या शहरातला एक डीलर व्हिडिओ कॉलवर गाडी बघून पंचेचाळीस म्हणाला, आणि "आज हो म्हणा, उद्या हा भाव नाही" असंही. नंतर तीच गाडी तो काय म्हणून विकणार होता ते आम्हाला एका ओळखीच्यानं सांगितलं. रात्री झोप आली नाही.

तुमच्या गाडीचा भाव जाहिरातीतल्या चकचकीत गाड्यांवरून काढू नका. तिथे रंगकाम, क्रोम, कुशन यांचा खर्च धरलेला असतो, आणि मागितलेला आकडा म्हणजे मिळालेला आकडा नव्हे. आपल्यासारख्याच, न सुधारलेल्या, कागद पूर्ण असलेल्या तीन-चार गाड्यांच्या मालकांना फोन करा आणि "शेवटी कितीला गेली" एवढंच विचारा. लोक सांगतात. मुंबईत व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया आहे, तसे इतर शहरांतही जुन्या गाड्यांचे हौशी गट आहेत. त्यातल्या एखाद्या जाणत्याला गाडी दाखवलीत तर भाव आणि गिऱ्हाईक दोन्ही एका फेरीत सापडू शकतं.

आमची एक लाख साठ हजाराला गेली. पासिंग, दंड, चाचांची मजुरी, टायर वजा जाता हातात राहिलं त्याचा हिशोब धाकट्यानं एकदा मांडला, मग वही मिटली.

८. गिऱ्हाइकाची पारख

गाडी न बघता "अ‍ॅडव्हान्स पाठवतो, क्यूआर स्कॅन करा" म्हणणारा चोर. पैसे घ्यायला स्कॅन करावं लागत नाही. स्वतःला लष्करातला सांगून ओळखपत्राचा फोटो पाठवणारा, तोही.

"फक्त इंजिन आणि बंपर द्या" म्हणणारा चोर नाही, पण त्याला भाग दिलेत की राहिलेली गाडी भंगाराची. पूर्ण द्यायची नाहीतर द्यायची नाही.

चांगलं गिऱ्हाईक ओळखायची खूण: ते खाली झोपून तळ बघतं. आमच्याकडे पुण्याचा जो मुलगा आला, त्यानं येताना स्वतःची सतरंजी आणली होती. दिल्लीचं गिऱ्हाईक असेल तर सावध राहा. तिथे पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाडीची साधी नोंदणी होत नाही, त्यामुळे ना हरकत प्रमाणपत्र घेऊन ठेवलं आणि पुढे काहीच झालं नाही, असं घडू शकतं.

९. पैसे, सह्या, चावी

क्रम हाच ठेवा. आधी बँकेतून पैसे, मग सह्या, मग चावी. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम एका व्यवहारात रोख घेता येत नाही. त्याखाली असलं तरी बँकेतूनच घ्या. घरच्या वापराच्या मोटारीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. पण गाडी आडतीच्या किंवा दवाखान्याच्या हिशोबात दाखवून घसारा घेतला असेल तर गोष्ट वेगळी, सीएला आधी विचारा. अण्णांनी ती दुकानाच्या खात्यात कधी धरली नव्हती, हे त्यांचे उपकार.

विक्रीचा करारनामा करा. शंभराचा स्टँप आता चालत नाही, ऑक्टोबर २०२४ पासून किमान पाचशेचा. त्यात तारीख, वेळ, किलोमीटर, इंजिन-चेसिस नंबर, "आहे त्या स्थितीत" हे शब्द आणि बरोबर दिलेल्या सुट्या वस्तूंची यादी लिहा. वेळ लिहायचं कारण, चार वाजता गाडी गेली आणि पाच वाजता काही झालं तर ते कुणाचं हे ठरतं. कोऱ्या फॉर्मवर सही करून देऊ नका. घेणाऱ्याचं नाव तुमच्यासमोर भरलं गेलं पाहिजे.

१०. गाडी गेल्यावर

फ्लॅटबेडवरच पाठवा, भाडं घेणाऱ्याचं. चार-पाचशे किलोमीटर चालवत नेतो म्हणाला तर नाही म्हणा. गाडी चढवताना चारही बाजूंनी व्हिडिओ घ्या.

विकल्याची खबर राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत, परराज्यात पंचेचाळीस दिवसांत कळवायची जबाबदारी तुमची आहे; घेणाऱ्यावर सोडू नका. नोंद बदलेपर्यंत कायद्यानं मालक तुम्हीच. अपघात झाला तर भरपाईची नोटीस नोंदणीकृत मालकाला येते, सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये हेच सांगितलं आहे. म्हणून फॉर्म २९ ची पोचपावती, करारनामा, घेणाऱ्याचं ओळखपत्र आणि व्हिडिओ एका फाइलमध्ये ठेवा.

परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला की मालकाच्या नावाची काही अक्षरं दिसतात. मी रोज सकाळी चहा घेताना टाकून बघायचो. तेविसाव्या दिवशी अक्षरं बदललेली दिसली.